दहापैकी आठ

उडप्याच्या हॉटेलात बिल बडीशेपेच्या बशीतून येते. घरातला कर्ता पुरुष उरलेले सुटे पैसे मोजतो, दोन नाणी बशीत ठेवतो, क्षणभर विचार करतो आणि त्यातले एक परत उचलतो. हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. मी ते केलेही आहे. दिवाळीची पोस्त देतानाही तसेच. पोस्टमन, गुरखा, जिना झाडणारी बाई, प्रत्येकाच्या हातावर काहीतरी ठेवायचे आणि मागल्या वर्षी किती दिले होते ते बायकोला हळूच विचारायचे. बक्षिशी ही आपल्याकडे देणाऱ्याच्या मर्जीची गोष्ट. घेणाऱ्याचा घरखर्च तिच्यावर चालत असेल असे सहसा मनात येत नाही.

गेल्या वर्षी मुलीने आणि जावयाने आम्हां दोघांना बोटीवर नेले नसते, तर माझ्याही मनात ते आले नसते. सिंगापूरहून निघायचे, पेनांग आणि फुकेत करून परत सिंगापूर. चार रात्री. माझ्या पिढीच्या माणसाला बोट म्हटले की भाऊचा धक्का आठवतो, पत्र्याच्या ट्रंका आठवतात आणि डेकवर पथारी पसरून पडलेली, बोट लागलेली माणसे आठवतात. ही बोट म्हणजे एक आडवे पडलेले पंचतारांकित हॉटेल होते. पाण्यावर आहोत हे खिडकीतून पाहिले तरच कळायचे.

पहिल्याच दिवशी, बोट सुटायच्या आधी, सगळ्या प्रवाशांना गोळा करून लाइफ जॅकेट कसे घालायचे ते दाखवतात. आमच्या गटाला ते दाखवणारा तरुण दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला आमच्या टेबलावर कॉफी ओतत होता. मला गंमत वाटली. मुलगी म्हणाली, "बाबा, इथं प्रत्येकाला आग विझवण्याचं आणि माणसं वाचवण्याचं शिक्षण घ्यावंच लागतं. वेटरलासुद्धा." आणि ते खरे आहे. वेटर, केबिन झाडणारा, भांडी घासणारा, प्रत्येकाला आणीबाणीत उभे राहण्याची एक जागा नेमून दिलेली असते. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याला 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही बोट खडकावर आपटून कलंडली आणि ३२ माणसे गेली. त्यात आपल्या मुंबईकडचा एक तरुण वेटरही होता. त्याचे अवशेष सर्वांत शेवटी, २०१४ च्या नोव्हेंबरात, बोट ओढून जिनोव्हाला नेल्यावर सापडले. २०२० च्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' अडकून पडली, तेव्हा प्रवाशांना त्यांच्या केबिनमध्ये कोंडून घ्यायला सांगितले होते. पण त्यांच्या दारापर्यंत जेवणाचे ताट कोणीतरी न्यायलाच हवे होते. ते नेणाऱ्या कर्मचाऱ्यांत १३२ भारतीय होते. बोटीवरच्या ३,७११ माणसांपैकी ७१२ जणांना कोरोना झाला. ताटे पोहोचवणाऱ्यांना दार लावून बसायची सोय नव्हती.

आमच्या केबिनकडे पाहणारा मुलगा पस्तिशीच्या आतला असावा. छातीवर नावाची पट्टी, नावाखाली देश: इंडिया. आम्ही आपसांत मराठीत बोलत होतो. तो चादर बदलता बदलता थांबला आणि हिला म्हणाला, "काकू, तुमी खंयच्या?" हिचे माहेर कुडाळचे. त्यानंतरची दहा मिनिटे मला त्या केबिनमध्ये काही स्थान नव्हते. मुलगा सावंतवाडी तालुक्यातला निघाला. आधी गोव्यात हॉटेलात होता, तिथून बोटीवर आला. हे त्याचे चौथे कॉन्ट्रॅक्ट. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण तो अजून नोकरीत आहे आणि प्रवाशांशी काय बोलावे याचे त्यांना नियम असतात.

त्याच्याकडे अठरा केबिनी होत्या. सकाळी सातला सुरुवात, दुपारी दोनपर्यंत काम. मग थोडी झोप किंवा कसले तरी प्रशिक्षण, पुन्हा संध्याकाळी सहा ते दहा. रविवार नाही, सण नाही, आजारी पडायची तर पंचाईतच. कॉन्ट्रॅक्ट आठ महिन्यांचे. मध्ये दोन महिने घरी, पण त्या दोन महिन्यांचा पगार नाही. राहायला बोटीच्या पोटात, पाण्याच्या पातळीच्या आसपास, दोघांत एक खोली, खिडकी नाही. आपण ज्या डेकवर फोटो काढतो तिथे त्याला कामाशिवाय फिरता येत नाही. मुलगी झाली तेव्हा तो भर समुद्रात होता. तिचा फोटो त्याने हिला मोबाइलवर दाखवला आणि लगेच मोबाइल खिशात टाकला, कारण बाहेर त्याच्या सुपरवायझरची पावले वाजत होती.

खलाशांसाठी आता आंतरराष्ट्रीय कायदा आहे. २००६ चा करार, २०१३ पासून अमलात आला आणि भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यात चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती आणि आठवड्यात किमान सत्त्याहत्तर तास, असा हिशेब आहे. नोकरी लावण्याबद्दल एजंटने खलाशाकडून पैसे घ्यायचे नाहीत, असेही त्यात आहे. आता दहा तास विश्रांती म्हणजे चौदा तास काम चालते, हे शाळेतल्या मुलालाही वजाबाकी करून कळेल. शिवाय ती दहा तासांची विश्रांती दोन तुकड्यांत दिली तरी चालते, एक तुकडा सहा तासांचा असला म्हणजे झाले.

बोटीवर जाणे ही कोकणाला आणि गोव्याला नवी गोष्ट नव्हे. पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या आगबोटींवर डेकवर आणि इंजिनात रत्नागिरीचे, गुजरातचे, बंगालचे खलाशी असत. त्यांच्यावर सारंग, त्याच्या हाताखाली टिंडेल. भटारखान्यात आणि सलूनमध्ये मात्र गोव्याची माणसे. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात. बोट मिळेपर्यंत मुंबईत राहायचे कुठे, म्हणून त्यांनी गावागावांचे क्लब काढले. त्यांना ते कूड म्हणत. धोबी तलावाला जेर महालच्या इमारतीत असे कितीतरी क्लब होते. गावाचे नाव दारावर, आत देव्हारा आणि भिंतीशी प्रत्येकाची एक पेटी. पेटी तिथे ठेवून माणूस समुद्रावर जायचा आणि परत येऊन तीच पेटी उघडायचा. गोव्यातल्या कित्येक गावांतली कौलारू घरे आणि शाळेच्या फिया या पेट्यांतून निघालेल्या आहेत. प्रवासी साहेब खूश झाला तर उतरताना हातावर काही ठेवी आणि कागदावर दोन ओळी लिहून देई. दुसऱ्या बोटीवर चढताना ते कागद तारवट्यांना कामी येत.

आता साहेबाच्या जागी आपण आहोत. मुंबईच्या बंदरातूनच गोव्याला, लक्षद्वीपला क्रूझ निघतात आणि सिंगापूरच्या बोटीवर दर चौथ्या टेबलावर मराठी ऐकू येते. प्रश्न असा, की आपण हातावर काय ठेवतो आणि कागदावर काय लिहितो.

हातावरचे आधी सांगतो, कारण त्यात माझी शोभा झाली आहे.

पूर्वी बोटीवर शेवटच्या रात्री पाकिटे वाटायची पद्धत होती. एक वेटरला, एक त्याच्या मदतनिसाला, एक केबिनवाल्याला. साधारण २००० सालाच्या आसपासपासून मोठ्या कंपन्यांनी हे बदलले. आता बहुतेक बोटींवर दर माणशी दर रात्री ठरावीक रक्कम, हल्ली साधारण पंधरा ते वीस डॉलर, आपोआप तुमच्या खात्यावर पडते. काही कंपन्या ती तिकिटातच धरतात आणि वेगळे काही मागत नाहीत. आमच्या बोटीवर सोळा डॉलर होते. चौघांचे, चार रात्रींचे, दोनशे छप्पन्न. रुपयांत वीस हजारांच्या वर. शेवटच्या रात्री हा आकडा टीव्हीच्या पडद्यावर पाहिला आणि माझ्यातला बडीशेपेच्या बशीवरून नाणे उचलणारा माणूस जागा झाला.

खालच्या काउंटरवर सांगितले की ही रक्कम कमी करता येते किंवा काढूनही टाकता येते, असे मला एका सहप्रवाशाने सांगितले. तिथे रांग होती. रांगेत आपलीच माणसे पुष्कळ होती आणि सगळ्यांची कारणे मला पटत होती. "पगार कंपनीनं द्यावा, आम्ही का?" "आम्ही हातात देऊ, ज्याला द्यायचं त्याला." मीही रांगेत उभा राहिलो. ही शोधत आली. मी काय करतोय ते ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "अहो, सकाळी त्याच्या तोंडाकडे बघाल ना?"

मी रांगेतून बाहेर पडलो, पण पटले म्हणून नव्हे, चार माणसे ऐकत होती म्हणून. पटले ते नंतर, हिशेब समजल्यावर. ही रक्कम बहुधा एकट्या केबिनवाल्याला जात नाही. वेटर, मदतनीस, केबिनवाला आणि तुम्हाला कधीच न दिसणारी पुष्कळ माणसे, म्हणजे चादरी धुणारे, ताटे घासणारे, अशी ती वाटली जाते. या लोकांचा मूळ पगार थोडा आणि कमाईचा मोठा भाग हा. आपण रक्कम काढली की कंपनीचे काही जात नाही, जाते ते यांचे. पगार कंपनीने द्यावा हे मला आजही मान्य आहे. पण त्या भांडणातला दंड सावंतवाडीच्या पोराने का भरावा? आणि "हातात देऊ" म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसते, की काही कंपन्यांत तुम्ही आपोआपची रक्कम काढली असेल, तर तुम्ही हातात दिलेले पैसेही त्याला सर्वांच्या खात्यात जमा करावे लागतात. तेव्हा ती रक्कम आहे तशी राहू द्यावी आणि कोणी विशेष काही केले असेल तर वर वेगळे द्यावे. द्यायचे ते नोटांत. परदेशी नाणी आपल्याला जड होतात म्हणून ती देऊन टाकायची युक्ती पुष्कळजण करतात. ती नाणी बदलून मिळत नाहीत.

पैशाशिवायही पुष्कळ काही देता येते, आणि ते फुकट आहे. दारावर "त्रास देऊ नका"ची पाटी दुपारी एकपर्यंत लटकवून ठेवली, की त्याची दोन तासांची झोप गेली. टॉवेल चार ठिकाणी भिरकावण्याऐवजी एका जागी टाकले, तर अठरा केबिनींत मिळून त्याची अर्धी तासभर पाठ वाचते. बुफेमध्ये सहा पदार्थ घेऊन चार टाकणे हा तर आपला राष्ट्रीय कार्यक्रम. ते ताट कोणीतरी खरवडते. वेटरला चुटकी वाजवून बोलावू नये, हे लिहावे लागते याचे वाईट वाटते, पण मी पाहिले आहे. आणि प्रेमाच्या भरात त्याला "बस रे, आमच्याबरोबर चहा घे" असेही म्हणू नये. तो बसला आणि कोणी पाहिले, तर त्याला जाब द्यावा लागतो.

शेवटची सकाळ त्यांची सर्वांत वाईट. हजारो माणसे उतरतात आणि त्याच दुपारी तेवढीच नवी चढतात. मधल्या काही तासांत प्रत्येक केबिन नव्यासारखी व्हायला हवी. आम्ही सात वाजताच बाहेर पडलो. तो शेजारच्या केबिनमध्ये गाद्यांवरच्या चादरी ओढत होता. हिने वेगळे पाकीट दिले आणि बॅगेत तळाशी राहिलेला मालवणी खाजाचा सीलबंद पुडा दिला. पाकीट त्याने खिशात घातले, पुडा मात्र दोन्ही हातांत धरून ठेवला. मग मला म्हणाला, "काका, घरी गेल्यावर कंपनीचा ईमेल येईल. फॉर्म असतो. त्यात माझं नाव लिहाल?"

मी म्हटले, "लिहीन की." त्याच्या पलंगावर रोज टॉवेलचा हत्ती, कधी माकड करून ठेवण्याच्या कौशल्याबद्दलही लिहीन, असे मनात ठरवले.

मुंबईला आल्यावर चौथ्या दिवशी फॉर्म आला. मी सकाळी चहा घेऊन नीट बसलो. मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले आहे. कागद तपासणे माझ्या अंगवळणी पडले आहे. जेवण: दहापैकी सात. करमणूक: सहा. केबिनची सेवा: आठ. दहापैकी आठ मी वर्गातल्या एखाद्याच मुलाला देत असे, आणि तो मुलगा ती वही घरी नेऊन दाखवत असे. खाली सूचनांच्या चौकटीत लिहिले, "कर्मचारी वर्ग चांगला होता." बटण दाबले. त्याचे नाव लिहायचे राहिले. खरे सांगायचे तर राहिले असे नाही, नाव लिहायची चौकट पुढच्या पानावर होती आणि मी पुढचे पान नीट वाचले नाही.

आपल्या मराठी माणसाची एक खोड आहे. कौतुक करताना आपली जीभ आखडते. मुलगा बोर्डात आला तरी "बरे मार्क पडले," जेवण उत्तम झाले तरी "ठीक होतं." सून चांगली आहे हे सासू शेजारणीला सांगते, सुनेला नाही. आपल्याला वाटते, आपल्या "बरं आहे"चा अर्थ समोरच्याला कळतो. घरात कळतोही. मियामीत बसलेल्या संगणकाला तो कळत नाही.

हे मला माझ्याच एका विद्यार्थ्याने शिकवले. बारा वर्षे तो वेगवेगळ्या बोटींवर आहे, आता हेड वेटर झालाय. सुट्टीवर आला तेव्हा भेटायला आला होता. मी मोठ्या उत्साहाने प्रवास सांगितला, सावंतवाडीच्या पोराचे सांगितले, आणि त्याला चांगले आठ मार्क दिल्याचेही सांगितले. तो हातातला चहा खाली ठेवून म्हणाला, "सर, आठ? म्हणजे तुम्ही त्याला काहीच दिलं नाहीत."

मग त्याने समजावले. "तुम्ही आमची शिफारस कराल का, शून्य ते दहा गुण द्या" असा प्रश्न हल्ली सेवा देणाऱ्या पुष्कळ कंपन्या विचारतात. फ्रेड रायकहेल्ड नावाच्या अमेरिकन सल्लागाराने २००३ मध्ये ही पद्धत 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये मांडली. तिच्यात नऊ आणि दहा देणारेच समाधानी. शून्य ते सहा देणारे नाराज. समाधानी लोकांच्या टक्केवारीतून नाराजांची टक्केवारी वजा करायची. सात आणि आठ वाल्यांना ना अधिकात धरतात ना उण्यात. आणि त्याच्या अनुभवात बोटीवर सगळेच गुण याच नजरेने वाचले जातात. "सर, मीटिंगमध्ये आमचा साहेब आठ वाचून विचारतो, इथं काय चुकलं? आणि चुकलेलं काही नसतंच. प्रवासी तुमच्यासारखा असतो."

"मग नावाचं काय?" मी विचारले.

"नाव म्हणजे सगळं," तो म्हणाला. फॉर्ममध्ये आलेली नावे मोजली जातात. महिन्याचा उत्तम कर्मचारी निवडताना ती पाहतात. वरच्या जागेसाठी कोणाला घ्यायचे, पुढचे कॉन्ट्रॅक्ट चांगल्या बोटीवर द्यायचे का, तेव्हाही पाहतात. "सगळा स्टाफ छान होता" हे वाक्य कोणाच्याच खात्यावर पडत नाही. बोटीवर असतानाच रिसेप्शनवर कार्ड मागून घ्यावे, त्यावर नाव, खाते आणि त्याने नेमके काय केले ते एका ओळीत लिहावे. केबिनवाला आणि वेटर यांची नावे लोक कधीतरी लिहितात. पहाटे जिने पुसणाऱ्याचे, बुफेत ताटे उचलणाऱ्याचे कोणी लिहीत नाही. त्यांच्याही छातीवर पट्टी असते. आणि तक्रार असेल तर ती तिथेच, त्याच दिवशी तोंडी सांगावी, म्हणजे ती दुरुस्त करता येते. घरी येऊन सहा मार्क देण्यात कोणाचेच भले नाही. अर्थात ज्याने वाईट वागवले त्यालाही दहा द्या, असे तो म्हणत नव्हता. नऊ आणि आठ यांच्यामध्ये केवढी दरी आहे, एवढेच सांगत होता.

एकदा पाठवलेला फॉर्म पुन्हा उघडत नाही. मी त्याच्यासमोरच कंपनीला पत्र लिहायला बसलो. इंग्रजी माझे बेताचे, पण विशेषणांची काटकसर केली नाही. मुलाचे पूर्ण नाव, प्रवासाच्या तारखा, हिच्या गुडघ्याचे दुखणे पाहून त्याने न मागता बाथरूममध्ये आणून ठेवलेला स्टूल, सगळे लिहिले. माझ्या आधीच्या आठाबद्दलही लिहिले, की ती चूक माझी, त्याची नव्हे. कागद विद्यार्थ्याच्या हातात दिला. उलट्या बाजूने वही तपासली जाताना कसे वाटते ते मला पहिल्यांदा कळले.

"चांगलं आहे सर," तो म्हणाला. "पण केबिनचा नंबर घाला. त्या नावाची बोटीवर आणखी तीन-चार माणसं असतील."

मी कपाटातून बोटीचे कार्ड काढले. पुस्तकात खूण म्हणून ठेवले होते. त्यावर नंबर नव्हता. हरवले तर कोणाच्या हाती लागू नये म्हणून छापतच नाहीत म्हणे. तिकिटाचे कागद जावयाकडे होते. ही आतून हिशेबाची वही घेऊन आली. सिंगापूरच्या पानावर टॅक्सी, पाण्याच्या बाटल्या, लिटल इंडियातला डोसा, सगळे ओळीने लिहिलेले, आणि त्याच्या खाली पाकिटात घातलेली रक्कम. रकमेपुढे त्याचे नाव, आणि नावापुढे नंबर: ८२१४.